पूलमधले पाणकिडे आणि शेवाळ: क्लोरीन टाकून टाकून थकले, आता काय करू?

कौलारू | ९ मे, रात्री १०:४२

कर्जतजवळ सासऱ्यांच्या जागेत आम्ही छोटं घर बांधलं आणि हौसेला मोल नाही म्हणून त्यात पूलही केला. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, एका टोकाला १ मीटर आणि दुसऱ्या टोकाला दीड मीटर खोल. गेल्या दसऱ्यानंतर घासूनपुसून बोअरच्या पाण्याने नव्याने भरला. डिसेंबरपर्यंत तळाची निळी टाइल न् टाइल मोजता येत होती.

मार्चपासून भिंतींना बुळबुळीत हिरवं धरायला लागलं. आता पाणी पालकाच्या सूपसारखं दिसतं. त्यात अर्धा-पाऊण सेंटिमीटरचे काळपट किडे सुसाट पळतात, खाली सूर मारतात, परत वर येतात. गेल्या रविवारी भाच्याला दंडावर एक चावला. पोरगं गांधीलमाशी चावल्यासारखं कळवळलं.

केअरटेकर मामा दर तीन-चार दिवसांनी क्लोरीनची वडी टाकतात. पट्टी बुडवून बघितली तर क्लोरीन भरपूर दाखवते. मग शेवाळ कसं? आणि किडे कशाने मरतील? १८ तारखेला घरात सात मुलं येणार आहेत. उपाय सांगा, पण करता येण्यासारखा सांगा.

चहाबाज | ९ मे, रात्री १०:५५

सूप म्हणालात तर वर थोडी क्रीम आणि क्रुटॉन्स. किडे क्रुटॉन्सच्या जागी चालून जातील.

पाणकोंबडा | ९ मे, रात्री ११:२०

साहेब, सोप्पं आहे. कृषी सेवा केंद्रातून फवारणीचं औषध आणा आणि झाकणभर टाका. सकाळी एक किडा दिसला तर नाव बदलीन.

डॉ_अंजिरी | ९ मे, रात्री ११:३१

पाणकोंबडा, नाव बदला किंवा नका बदलू, पण हा सल्ला मागे घ्या. त्या पाण्यात मुलं डुंबणार आहेत, तोंडात पाणी घेऊन एकमेकांवर उडवणार आहेत. कीटकनाशक पोहण्याच्या पाण्यात एक थेंबही नको.

कौलारू, चावलेल्या जागी साबण-पाणी आणि बर्फ, एवढं पुरे. दुखतं, पण विषारी नाही. मला त्या चाव्यापेक्षा "पालकाचं सूप" या शब्दांची धास्ती वाटते. तळ दिसत नसेल तर कुणालाही पाण्यात उतरवू नका. बुडालेलं मूल हिरव्या पाण्यात दोन हातांवरूनही दिसत नाही. दुसरं म्हणजे कोमट, क्लोरीन नसलेल्या गोड्या पाण्यात नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा वाढू शकतो. पाणी नाकात गेलं तर तो मेंदूपर्यंत पोहोचतो. केरळमधल्या बातम्या आपण वाचल्याच आहेत. आजार अगदी विरळा आहे, पण झाला तर वाचणं कठीण. क्लोरीन नीट काम करत असेल तर तो टिकत नाही.

कौलारू | १० मे, सकाळी ७:०५

पाणकोंबडा, साहेब नाही, बाई आहे. :)

डॉक्टर, आभार. पूलला दोरी बांधून बंद केला.

किडेमकोडे | १० मे, सकाळी ८:१८

कौलारूताई, एक काम करा. काठावर पाच मिनिटं बसा आणि किडा सुलटा पोहतोय की उताणा ते बघा.

सुलटा, पाठ चपटी, पाठीवर बारीक आडव्या रेघा आणि मागचे दोन पाय वल्ह्यासारखे असतील तर तो वॉटर बोटमन. हा शेवाळ आणि तळातला गाळ खातो, माणसाच्या वाटेला जात नाही. उताणा पोहणारा, पाठ होडीच्या तळासारखी निमुळती, रंगाने फिकट आणि शेपटीचं टोक पाण्याला टेकवून उलटा लटकलेला असेल तर तो बॅकस्विमर. हा शिकारी. बोटमन, डासांच्या अळ्या, माशांची बारीक पिल्लं, जे सापडेल ते सोंडेने टोचून शोषतो. भाच्याला हाच चावला असणार.

म्हणजे शेवाळावर बोटमन आणि बोटमनवर बॅकस्विमर अशी खानावळ चालू आहे तुमच्याकडे. गिऱ्हाइकं हाकलून उपयोग नाही, उद्या दुसरी येतील. दोघांनाही पंख आहेत आणि रात्री ते लांबून उडत येतात. पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश ध्रुवित असतो, त्यावरून त्यांना पाणी ओळखता येतं. म्हणूनच कधी कधी चकचकीत गाडीच्या टपावर पाणकिडे येऊन आदळतात, बिचाऱ्यांना ती डबकं वाटते.

कौलारू | १० मे, सकाळी ९:४०

बघून आले. दोन्ही आहेत. सुलटे शेकडो, उताणे वीसेक. मामा म्हणाले, "ताई, त्ये उलटं पोहणारं लय माजलंय."

फिनिक्सवासी | १० मे, दुपारी १२:०२

इथे अ‍ॅरिझोनात आमच्या मागच्या अंगणात अकरा वर्षं पूल आहे, त्यामुळे या किड्यांशी जुनी ओळख. तात्पुरता उपाय सांगते. संध्याकाळी पंप बंद करा, पूलमधले आणि व्हरांड्यातले दिवे बंद करा. काठाला एक घमेलं ठेवा, त्यात पाणी आणि दोन चमचे भांड्यांचं लिक्विड घालून वर एक बल्ब टांगा. हे किडे अंगाला हवेचा बुडबुडा चिकटवून बुडी मारतात. साबणाने पाण्याचा पृष्ठताण मोडला की तो बुडबुडा टिकत नाही आणि किडा बुडतो. सकाळी घमेलं भरलेलं असेल. काही जण साबण सरळ पूलमध्ये टाकतात. मीही एकदा टाकला होता. सकाळी पंप सुरू केला आणि फेसाचा डोंगर झाला. नवऱ्याने फोटो अजून जपून ठेवलाय.

पण खरा प्रश्न तुम्हीच लिहिलाय: क्लोरीन भरपूर, तरी शेवाळ. वड्या कोणत्या? टीसीसीए ९० का? किती ग्रॅमच्या? पंप किती तास चालतो?

कौलारू | १० मे, दुपारी २:१५

हो, टीसीसीए ९०. २०० ग्रॅमच्या, साबणाच्या वडीएवढ्या. पंप दोन तास. बिल फार येतं म्हणून यांनी टायमर लावून दिलाय.

टाकीभर | १० मे, दुपारी ३:३०

पुण्यात पूल मेंटेनन्सचा धंदा आहे, म्हणून अधिकारवाणीने ओरडतो: दोन तास?! या उन्हात निदान आठ तास चालवा. शेवाळ साचल्या पाण्यात फोफावतं.

फिल्टरचं प्रेशर किती? बॅकवॉश, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुणं, कधी केला होता? पीएच किती? पीएच ८ वर गेला तर क्लोरीनचा जेमतेम पाव भाग कामाचा उरतो. ७.२ ते ७.६ मध्ये आणा. ब्रश सगळ्या भिंतींना, पायऱ्यांच्या खालच्या कोपऱ्यात आणि शिडीच्या मागेही. शेवाळाचा वरचा थर फोडल्याशिवाय औषध आत जात नाही.

आजोबा१९४८ | १० मे, संध्याकाळी ५:१०

आम्ही विहिरीत पोहायला शिकलो. पाठीला पांगाऱ्याची बिंडी बांधून वडिलांनी ढकलून दिले. पाण्यावर निवळ्या गरगर फिरायच्या. निवळी गिळली की पोहता येते असे थोरली पोरे सांगत. मी तीन गिळल्या. पोहायला मात्र दुसऱ्या उन्हाळ्यात आले.

चहाबाज | १० मे, संध्याकाळी ५:१६

आजोबा, डोस कमी पडला.

किडेमकोडे | १० मे, संध्याकाळी ५:४०

गंमत म्हणजे निवळी नावाचं झाडही आहे. त्याचं बी माठात आतून घासलं की गढूळ पाणी निवळतं. तेव्हा ताईंना दोन्ही निवळ्या सुचवायला हरकत नाही. ४० हजार लिटरला बिया किती लागतील ते मात्र आजोबांनी सांगावं.

मैत्रेयी_क | ११ मे, सकाळी १०:२५

आमच्या सोसायटीच्या पूल कमिटीत चार वर्षं काढली, त्यामुळे दोन शब्द.

सावलीच्या भिंतीवर पिवळट वाळूसारखी पूड बसते, हात लावला की ढगासारखी उडते आणि दुसऱ्या दिवशी परत तिथेच. ते शेवाळच असतं, धूळ नव्हे. आम्ही महिनाभर माळ्याला बोल लावत होतो.

आणि एक धोक्याची सूचना. आमच्या जुन्या ऑपरेटरने टीसीसीएच्या ड्रममधला मग तसाच ब्लीचिंग पावडरच्या डब्यात घातला. मगाला पूड चिकटलेली, वर जरासा ओलावा. आधी फसफस, मग पांढरा धूर आणि क्लोरीनचा भपकारा. नशीब, तो दाराजवळ उभा होता. पंपरूमच्या दाराचा रंग अजून उडालेला आहे. दोन क्लोरीन एकमेकांत मिसळायची नाहीत, मगही वेगळे ठेवायचे. अ‍ॅसिड तर जवळपासही नको. आणि नेहमी पाण्यात औषध टाकायचं, औषधावर पाणी कधीच नाही.

पाणकोंबडा | ११ मे, सकाळी ११:०२

मग मोरचूद टाका. आमच्या गावच्या तलावात टाकत.

सांगोलेकर | ११ मे, दुपारी १:४४

मोरचूद आम्ही डाळिंबावर मारतो, चुन्यात कालवून बोर्डो करून. शेवाळ मरतं, खरं आहे. पण ते तांबं पाण्यातनं जात नाही. भिंतीवर निळेकाळे डाग धरतं आणि पोरींचे केस हिरवे होतात. क्लोरीनने होतात म्हणतात ते चूक, करतं तांबंच.

ताई, राग मानू नका, पण एक बोलतो. आमच्याकडं या महिन्यात माणसी दोन हंड्यांवर दिवस काढायची वेळ येते. तुमच्या कर्जतच्या वाड्यांवर पण टँकर जातो. चाळीस हजार लिटर पाणी पोरांच्या डुंबायला, आणि ते पण नासलेलं. बघवत नाही.

कौलारू | ११ मे, रात्री ९:३०

सांगोलेकर, राग नाही. वाडीवरच्या बायका आमच्या बोअरवरून पाणी भरतात, हा रोजचा देखावा माझ्या डोळ्यांसमोरच असतो. म्हणूनच पाणी उपसून नवीन भरा हा सल्ला मला नको आहे. आहे तेच कसं सुधारता येईल ते विचारतेय.

मैत्रेयी, मामांना लगेच फोन केला. मग एकच आहे आमच्याकडे. उद्या दुसरा येईल.

फिनिक्सवासी | १२ मे, सकाळी ६:५०

आता पट्टी खोटं का बोलते ते सांगते. टीसीसीएच्या वडीत क्लोरीनबरोबर सायन्युरिक अ‍ॅसिड येतं, ज्याला इथे स्टॅबिलायझर म्हणतात. क्लोरीन उन्हात भराभर उडून जातो, हे अ‍ॅसिड त्याला धरून ठेवतं. ३० ते ५० पीपीएम (लिटरला तेवढे मिलिग्रॅम) असेल तोवर उपकारच. पण क्लोरीन खर्च होतो आणि हे मागे राहतं. ते ना उडतं, ना फिल्टरमध्ये अडकतं. प्रत्येक वडीबरोबर साठत जातं आणि मग क्लोरीनला इतकं घट्ट धरून बसतं की तो सुटतच नाही. पट्टी त्या धरलेल्या क्लोरीनलाही मोजते. हजेरीपटावर सगळे हजर, कामावर कुणी नाही.

ढोबळ हिशोब असा: रोजचा मोकळा क्लोरीन सायन्युरिकच्या साडेसात टक्के हवा. हिरवं पाणी साफ करायचं असेल तर चाळीस टक्के, आणि ते साफ होईपर्यंत टिकवायचं. सायन्युरिक ४० असेल तर १६ पीपीएममध्ये काम होतं. १५० असेल तर ६० लागतील, जे कुणी करू नये.

सायन्युरिकचा वेगळा किट मागवा. नळीच्या तळाला काळा ठिपका असतो, औषध घातलेलं पाणी ढगाळ होतं, ठिपका दिसेनासा होईपर्यंत ओतायचं आणि आकडा वाचायचा.

टाकीभर | १२ मे, सकाळी ९:१२

बाई बरोबर आहेत. आमच्या धंद्यात हे कुणी सांगत नाही कारण वडी विकायला सोपी. मीही विकतो. (जा, आता माझी गिऱ्हाइकं वाचतील.)

चहाबाज | १२ मे, दुपारी १२:३०

हिरव्या पाण्यावरून आठवलं. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये डायव्हिंगचा पूल रातोरात हिरवागार झाला होता. आधी शेवाळाकडे बोट दाखवलं, नंतर कळलं की कुणीतरी क्लोरीनच्या पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं होतं. त्याने क्लोरीन निकामी केला आणि पुढचं निसर्गाने केलं. शेवटी शेजारच्या, तोवर हिरव्या झालेल्या मोठ्या पूलचं पाणी काढून सरावाच्या पूलमधलं आणून भरलं, कारण सिंक्रोनाइज्ड स्विमिंगमध्ये पाण्याखालचे पाय पंचांना दिसायला लागतात. अख्ख्या जगासमोर त्यांची ही गत झाली, मग तुमच्या मामांना काय बोलायचं!

कौलारू | १६ मे, रात्री ८:२०

किट आला. अर्ध्या नळीतच ठिपका गायब! माप १०० च्या पलीकडे म्हणून फिनिक्सवासींच्या निरोपाप्रमाणे निम्मं पूलचं आणि निम्मं बोअरचं पाणी घेऊन परत केलं. ८० आलं. म्हणजे दुप्पट, १६०.

मामा वडी टाकली की कॅलेंडरवर टिंब करतात, दुधाच्या हिशोबासारखं. दसऱ्यापासूनची टिंबं मोजली, ६० भरली.

टाकीभर | १६ मे, रात्री ९:०५

थांबा, हिशोब करू. पूल ८ गुणिले ४ गुणिले सरासरी सव्वा मीटर, ४० घनमीटर, ४० हजार लिटर. २०० ग्रॅमच्या वडीतून साधारण ११० ग्रॅम सायन्युरिक सुटतं. ४० हजार लिटरमध्ये ते झालं पावणेतीन पीपीएम. गुणिले ६० म्हणजे १६५!

मामांना माझ्याकडून एक सलाम. एवढी चोख नोंद माझी माणसं ठेवत नाहीत.

मैत्रेयी_क | १६ मे, रात्री ९:२२

किट १६० आणि टिंबं १६५. अंगावर काटा आला! आमच्या कमिटीचे हिशोबही मामांकडे द्यावेत म्हणते.

पाणकोंबडा | १६ मे, रात्री ९:४०

मग निदान अर्धं पाणी तरी काढावंच लागणार की. दुसरा इलाज कुठे आहे?

सांगोलेकर | १७ मे, सकाळी ६:३०

आहे. थांबणे.

ताई, आज १७ मे. तीन आठवड्यांत मृग. आमच्याकडं तो येतो न येतो, तुमच्याकडं मात्र कोसळतो. बोअरचं पाणी कशाला वाया घालवता, वरचं फुकटचं पाणी येतंय. आता वड्या बंद करा, पूल झाकून ठेवा. पाऊस लागला की पंप वेस्टवर टाकून, म्हणजे पाणी पूलमध्ये परत न येता बाहेर जाईल असं करून, तिसरा हिस्सा पाणी तळातनं बाहेर काढा. पावसाने भरलं की परत तिसरा हिस्सा. असं तीनदा केलं तर १६० चं पन्नासच्या आत येतं. माझं शेततळं आहे प्लास्टिकच्या कागदाचं, त्यात खाराचा हिशोब असाच लावतो.

दुसरं. तुमचा सँड फिल्टर आणि माझ्या ठिबकचा सँड फिल्टर ही एकाच आईची लेकरं. तळ्यातलं शेवाळ ठिबकच्या तोट्या बुजवतं, म्हणून आम्ही दिवसाआड बॅकवॉश मारतो. मामांना सांगा, झाकण उघडून आत हात घाला. वाळू मोकळी लागली पाहिजे. ढेप लागली तर पाणी ढेपेच्या कडेकडेनं भोकं पाडून निघून जातंय, गाळलं जातच नाही.

टाकीभर | १७ मे, सकाळी ९:५०

वा सांगोलेकर! एकच जोडतो. पावसाळ्यात पूल पूर्ण रिकामा मात्र करू नका. जमिनीतलं पाणी वर आलेलं असतं, ते रिकाम्या टाकीला खालून उचलतं. तळाला तडे गेलेले पूल मी डोळ्यांनी पाहिलेत. एका वेळी तिसरा हिस्सा, त्याहून जास्त नाही.

डॉ_अंजिरी | १७ मे, सकाळी १०:१५

आणि झाकणावर साचणाऱ्या पाण्याकडे लक्ष ठेवा, नाहीतर डेंग्यूचे डास. झाकणार नसाल तर बॅकस्विमर राहू द्या, डासांच्या अळ्या खातील.

किडेमकोडे | १७ मे, सकाळी १०:२१

डॉक्टर, तुम्ही माझं मन जिंकलंत.

कौलारू | २० मे, रात्री ११:००

थांबायचं ठरलं. मुलं आली, पूल बघून हिरमुसली. मग आंब्याच्या आळ्यात पाइप लावला, मुलांची अंघोळ आणि झाडाला पाणी एकदमच. किडेमकोड्यांनी सांगितलेलं सुलट-उलट ओळखणं मुलांना सांगितलं आणि माझी सुट्टी झाली. काठावर पालथी पडून दिवसभर किडे मोजत होती. भाच्याने "आपल्या" किड्याला आरोपी क्रमांक एक असं नाव दिलं.

फिल्टर उघडला. वरच्या चार बोटं वाळूवर तपकिरी, तेलकट साय आणि खाली खरंच ढेप, गुळाच्या ढेपेसारखी. मामांनी पहारीने फोडली. प्रेशरचा काटा शून्यावर अडकलेला निघाला. कधीपासून, देव जाणे.

आजोबा१९४८ | २१ मे, सकाळी ५:५५

आरोपीला गिळू नये अशी सूचना मुलांना द्यावी.

कौलारू | २ ऑगस्ट, दुपारी ४:३०

धागा वर काढतेय, कारण निकाल लागला.

पाऊस लागल्यापासून जुलैअखेरपर्यंत तीनदा तिसरा हिस्सा पाणी काढलं. दरवेळी भिंतीवर खडूने खूण केली. बाहेर सोडलेलं पाणी शेतात न जाता चरातून जाईल असं बघितलं. तिसऱ्या भरण्यानंतर सायन्युरिक ५० च्या जरा खाली आलं. सांगोलेकरांचं गणित तंतोतंत.

वाळू नवीन भरली, काटा बदलला. आता स्वच्छ असताना १० दाखवतो, १८ झाला की मामा स्वतःहून बॅकवॉश मारतात. पंप आठ तास, आणि पहिले चार-पाच दिवस चोवीस तास. बिलाबद्दल यांनी अजून तरी काही विचारलेलं नाही.

औषधाचं म्हणाल तर आधी पीएच ७.२ वर आणला, कारण क्लोरीन जास्त झाला की पीएचचं माप भरवशाचं राहत नाही. मग १० टक्क्यांचं हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, पातळ क्लोरीन) आणलं. ४० हजार लिटरला १ पीपीएमसाठी ४०० मिली, म्हणजे २० पीपीएमसाठी ८ लिटर. संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, पंप चालू असताना परतीच्या झोतासमोर धार धरून ओतलं. मामांना चष्मा, हातमोजे, आणि पोरांना घरात कोंडलं. सकाळी सहाला थेंबांच्या किटने मोजलं तर २० चं ९ झालेलं. परत भरलं. दुसऱ्या दिवशी हिरवं गेलं आणि पाणी ताकासारखं पांढरट झालं. मला वाटलं बिघडलं. फिनिक्सवासींना रात्री फोटो पाठवला, त्या म्हणाल्या हे मेलेलं शेवाळ, आता फिल्टरचं काम. ब्रश, बॅकवॉश, परत ब्रश. सहाव्या दिवशी तळाच्या जाळीचे स्क्रू दिसले. रात्री मोजलेला आणि पहाटे मोजलेला क्लोरीन यात अर्ध्या पीपीएमचाही फरक नव्हता, म्हणजे खाणारं कुणी उरलं नाही.

किडे? तिसऱ्या दिवशी स्किमरच्या टोपलीत ओंजळभर निघाले. आता रात्री एखादा उडत येतो, बघतो, जातो.

वड्या पूर्ण बंद नाही केल्या. पाऊस सतत पातळ करतोय तोवर आठवड्याला एक, बाकी हायपो. टिंबं चालूच आहेत, फक्त आता दोन रंगांत.

फिनिक्सवासी | २ ऑगस्ट, रात्री ९:४५

फोटोतली निळी टाइल बघून फार बरं वाटलं. हायपो सावलीत ठेवा आणि महिन्याभराचंच आणा. उन्हाळ्यात त्याचा जोर लवकर उतरतो.

टाकीभर | ३ ऑगस्ट, सकाळी ८:१५

मामांचा पगार किती हो? सहज विचारतोय.

कौलारू | ३ ऑगस्ट, सकाळी ८:४०

हात लावून बघा.

सांगोलेकर, तुमच्याकडे झाला का पाऊस?

सांगोलेकर | ३ ऑगस्ट, दुपारी १२:२०

दोन सरी. तळं अजून पाऊण रिकामं आहे. शेवाळ बी नाही, किडं बी नाही, काळजीचं कारणच नाही बघा. :)

पाणकोंबडा | ३ ऑगस्ट, दुपारी १२:४५

नाव बदलू का मग?

नवीन_सभासद_०७ | १९ ऑगस्ट, रात्री १०:१०

नमस्कार, धागा वाचला, छान माहिती. माझ्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत तळाला बारीक लाल अळ्या वळवळतात. त्यात हायपो किती लिटर टाकू?

किडेमकोडे | १९ ऑगस्ट, रात्री १०:१८

लिटर?! थांबा, काही टाकू नका. बिनचावऱ्या माशीच्या अळ्या आहेत त्या. टाकी रिकामी करून घासा आणि झाकणाची फट बुजवा. झाकण नीट बसतं का ते आधी सांगा.

चहाबाज | १९ ऑगस्ट, रात्री १०:२०

नवा धागा काढा हो. मी आधण ठेवतो.